एका शंकेचा इतिहास

माणसाच्या गतायुष्यातील एखादा संबंध कालांतराने विसरला जातो. निदान तो विसरला गेला, असे त्याला वाटते. संसार सुरू होतो, नोकरी स्थिरावते, वर्षे उलटतात. मग एखादे दिवशी अंगात बारीक ताप भरतो, विमा उतरविताना रक्त तपासण्याची गोष्ट निघते, किंवा घरात विवाहाची बोलणी सुरू होतात, आणि दहा वर्षांपूर्वीची एक ओळख एकाएकी समोर येऊन उभी राहते. त्या व्यक्तीला काही रोग असेल काय? तो आपल्याला लागला असेल काय? आपल्याकडून तो आणखी कोणाला गेला असेल काय? हे प्रश्न कोणापाशी काढता येत नाहीत. दिवसा कामाच्या गर्दीत ते मागे पडतात, आणि रात्री दिवा मालवला की पुन्हा उशाशी येऊन बसतात.

ही शंका अगदी खाजगी वाटते. जिच्या मनात ती उद्भवते त्या व्यक्तीला तर असेच वाटते की, जगात आपल्यासारखे एकाकी दुसरे कोणी नाही. परंतु या शंकेलाही इतिहास आहे. तिची तीव्रता तीन गोष्टींवर अवलंबून असते : जे घडले ते निश्चितपणे कळण्याचा मार्ग आहे काय, कळल्यानंतर काही इलाज आहे काय, आणि कळलेली गोष्ट आपल्यापाशीच राहील काय. एच.आय.व्ही. या विषाणूच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे जगाला एकदम मिळाली नाहीत. पहिले उत्तर १९८५ साली आले, दुसरे १९९६ च्या सुमारास, आणि तिसरे आपल्या देशात कायद्याच्या रूपाने २०१८ साली. या उत्तरांमध्ये जी वर्षे गेली, त्या वर्षांत आज आढळणारी बहुतेक भीती जन्माला आली.

या भीतीला एक पूर्वपीठिका आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उपदंश, म्हणजे ज्याला आपल्याकडे बोलीत गरमी म्हणतात तो रोग, युरोपात पसरला. १४९५ साली फ्रान्सच्या राजाचे सैन्य नेपल्समध्ये असताना त्याने भयंकर रूप धारण केले. इटलीतील लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले, तर फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणू लागले. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर तो येथेही दिसू लागला, आणि सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने त्याला ‘फिरंग’ असे नाव देऊन टाकले. रोग नेहमी दुसऱ्याचा असतो, ही समजूत अशी फार जुनी आहे. मराठीने या सर्व विकारांना मिळून जे नाव दिले तेही बोलके आहे : गुप्तरोग. रोगाच्या लक्षणांचे किंवा कारणांचे वर्णन त्या नावात नाही; तो लपवायचा असतो, एवढेच त्यात सांगितले आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातील वैद्यांना असे रोगी भेटू लागले की, ज्यांना उपदंश झालेला नव्हता, पण तो झाला आहे या भीतीने ज्यांचे जगणे अशक्य झाले होते. या अवस्थेला ‘सिफिलोफोबिया’ असे नाव पडले. १९०६ साली बर्लिन येथे वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपदंशाची रक्तचाचणी शोधून काढली. १९१० साली एर्लिखचे साल्वरसान हे औषध बाजारात आले. आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने हा रोग बरा होतो असे सिद्ध झाले. चाचणी आणि खात्रीचा इलाज यांत सुमारे चार दशकांचे अंतर पडले. तेवढ्या काळात असंख्य माणसांनी आपल्या शंकेसह विवाह केले, आणि कित्येक स्त्रियांनी व बालकांनी त्याची किंमत मोजली.

सरकारी उपायांचा अनुभवही बोधप्रद आहे. १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. त्यान्वये वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी सुरू झाली. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना मात्र कोणी तपासले नाही. स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, तपासणीपासून पळू लागल्या, आणि १८८८ साली तो कायदा रद्द करावा लागला. सक्तीने रोग उजेडात येत नाही, तो अधिक खोल दडतो, हा धडा त्या वीस वर्षांत गिरवून झाला होता. शंभर वर्षांनंतर तो पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या एका असाधारण न्यूमोनियाची हकीकत प्रसिद्ध झाली. पुढल्या वर्षी या विकाराला एड्स हे नाव मिळाले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाझ बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागील विषाणू वेगळा केला, आणि १९८४ साली अमेरिकेतील रॉबर्ट गॅलो यांच्या संशोधनाने रोग व विषाणू यांचे नाते दृढ झाले.

या विषाणूची रीत अशी की, तो शरीरात शिरल्यावर काही आठवड्यांनी कधी साध्या तापासारखी लक्षणे दाखवितो, कधी तेवढीही दाखवीत नाही. आणि नंतर बराच काळ मौन धरतो. उपचार नसल्यास एड्सची अवस्था येण्यास बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो, काम करतो, संसार करतो. या मौनामुळेच संशयाला भूतकाळात शिरण्यास वाट मिळाली. प्रकृती चांगली असणे हा निर्दोषपणाचा पुरावा राहिला नाही, आणि कितीही जुना संबंध कायमचा मागे पडला असे म्हणता येईना.

मार्च १९८५ मध्ये रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या पहिल्या चाचणीस अमेरिकेत मान्यता मिळाली. ती मुख्यतः रक्तपेढ्यांसाठी होती. एका माणसाकडून दुसऱ्याला दिले जाणारे रक्त निर्दोष असावे, हा तिचा हेतू होता. शंकाकुल माणसाचे समाधान व्हावे हा नव्हता. त्या काळी एखाद्याने स्वतःहून चाचणी करून घेतली आणि ती होकारार्थी आली, तर पुढे काय करावयाचे याचे उत्तर कोणत्याही वैद्यापाशी नव्हते. म्हणून पुष्कळांना न कळणे हेच कळण्यापेक्षा बरे वाटे. त्याच १९८५ साली ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक टिपण आले. रोगाची बाधा नसताना केवळ त्याच्या धास्तीने ताप, घाम, अशक्तपणा, वजनातील घट अशी लक्षणे जाणवणाऱ्या रुग्णांचे त्यात वर्णन होते. सिफिलोफोबियाचा हा नवा अवतार होता. १९८७ साली ब्रिटिश सरकारने घरोघर पत्रके वाटली आणि दूरचित्रवाणीवरून थडग्याचा दगड दाखवून लोकांना सावध केले. सावधगिरी आली, पण तिच्याबरोबर मृत्यूचे ते चित्रही मनात रुजले; आणि रोगाचे स्वरूप पालटल्यावरही ते चित्र पुसले गेले नाही.

हिंदुस्थानात या काळी अशी समजूत होती की, हा पाश्चात्त्यांचा रोग आहे. ती समजूत मद्रासेत दोन स्त्रियांनी खोटी ठरविली. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या एका मराठी व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला होता. त्यांनी आपली विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी हा विषय सुचविला. निर्मला यांनी शहरातील एका निरीक्षणगृहात ठेवलेल्या, वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे सुमारे ऐंशी नमुने जमविले. त्यातील रक्तजल त्यांनी घरच्या शीतकपाटात जपून ठेवले. १९८६ च्या फेब्रुवारीत ते नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात तपासण्यात आले, आणि त्यांपैकी सहा दूषित निघाले.

या शोधाचे महत्त्व मोठे आहे. देशाला वेळीच जाग आली ती त्यामुळे. तथापि त्याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ज्या स्त्रियांचे रक्त घेतले गेले, त्यांना ते कशासाठी घेतले जात आहे हे सांगितलेले नव्हते. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. अशा रीतीने आपल्या देशातील या रोगाच्या ज्ञानाचा आरंभ संमतीवाचून झाला. आणि ज्ञान व संमती यांची सांगड घालण्यास पुढे तीस वर्षे लागली.

संमतीचा अभाव म्हणजे काय, हे गोव्याने लवकरच पाहिले. डॉमिनिक डिसूझा हा तरुण म्हापशाच्या रुग्णालयात नेमाने रक्तदान करीत असे. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला पोलिसांकरवी बोलावून घेण्यात आले आणि काय झाले आहे हे धड न सांगताच पूर्वीच्या एका क्षयरुग्णालयात एकटे ठेवण्यात आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तींना अलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. त्याच्या आईने, ल्यूसी डिसूझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे धाव घेतली. ६४ दिवसांनी डॉमिनिकची सुटका झाली, परंतु न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. सुटकेनंतर त्याने उरलेले आयुष्य बाधितांच्या हक्कांसाठी वेचले आणि १९९२ साली त्याचे निधन झाले.

ही वार्ता ज्यांनी ऐकली, त्यांच्यापैकी कोणी मनातील शंका घेऊन रुग्णालयाची पायरी चढला असता काय? रक्तदानासारखे पुण्यकर्म करणारा मनुष्य बंदिवान होतो, हे पाहिल्यावर शहाणा माणूस आपले रक्त दाखविण्याचे टाळणारच. १८६८ च्या कायद्याचा धडा येथे पुन्हा खरा झाला. ज्या व्यवस्थेला रोग शोधून काढावयाचा होता, तिनेच रोग्याला दडण्यास भाग पाडले.

१९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना अस्तित्वात आली आणि पुण्यानजीक भोसरी येथे या रोगाच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय संस्था निघाली. १९९३ साली डॉ. सॉलोमन यांनी मद्रासेत गायतोंडे हे नाव जोडलेले स्वतःचे केंद्र उघडले. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्या तेथे बाधितांची सेवा करीत राहिल्या. इतकेच नव्हे, तर विवाहाची आशा सोडून बसलेल्या बाधित तरुण-तरुणींची लग्नेही त्यांनी जुळवून दिली.

कायद्याच्या क्षेत्रात वळण आले ते मुंबईत. एका सार्वजनिक उपक्रमातील मजुराला, तो कामास सर्वथा समर्थ असताना, केवळ विषाणूबाधेमुळे नोकरी नाकारण्यात आली. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने असे करणे घटनेविरुद्ध ठरविले. त्या निकालाची आणखी एक गोष्ट स्मरणीय आहे. आपले नाव उघड झाले तर न्याय मिळूनही आपण उद्ध्वस्त होऊ, ही फिर्यादीची भीती न्यायालयाने मान्य केली आणि त्याला नाव न सांगता लढण्याची मुभा दिली. निकालपत्रात तो ‘एम.एक्स.’ या दोन अक्षरांनीच राहिला. १९९८ साली मात्र दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क जणू स्थगित होतो, असे मत व्यक्त केले. २००२ साली न्यायालयाने स्वतःच ते मत बाजूला सारले. विवाहाचा प्रश्न असा दोन निकालांमध्ये चार वर्षे लोंबकळत राहिला. आणि पूर्वायुष्यातील संबंधाची शंका बाळगणाऱ्यांपैकी कित्येकांचा मुख्य प्रश्न तर तोच होता.

याच सुमारास औषधांच्या क्षेत्रात मोठी क्रांती घडत होती. १९८७ साली आलेले पहिले औषध एकटे फार काळ पुरे पडत नसे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, आणि पाश्चात्त्य देशांतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. पण त्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलर्सच्या वर जाई. गरीब देशांना ती असून नसल्यासारखी होती. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला या कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधे एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेस वर्षाला ३५० डॉलर्समध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देऊ केली. जगातील भाव त्यानंतर कोसळले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांतून हे उपचार विनामूल्य सुरू केले, मुंबईचे जे.जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. २०१७ पासून निदान होताच, रोगाची अवस्था न पाहता, औषध सुरू करावे असे धोरण ठरले. आज वेळेवर औषध घेणारा बाधित मनुष्य इतरांसारखेच दीर्घ आयुष्य जगू शकतो.

त्याहून मोठी बातमी २०११ साली आली. ज्या जोडप्यांत एक व्यक्ती बाधित व दुसरी निरोगी होती, अशा १,७६३ जोडप्यांची अनेक देशांत पाहणी करण्यात आली. त्या केंद्रांमध्ये मद्रास आणि पुणे हीही होती. बाधिताला लवकर औषध दिल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असे तीतून दिसले. पुढील अभ्यासांनी हे आणखी स्पष्ट केले : औषधांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. ‘आपल्याकडून आणखी कोणाला जाईल काय’ या सर्वांत जाचक प्रश्नाला असे ठाम उत्तर मिळाले. चाचणी करून घेणे ही आता स्वतःपुरती गोष्ट राहिली नाही. जोडीदाराच्या रक्षणाचा तो पहिला टप्पा ठरला.

तिसरे उत्तर सर्वांत उशिरा आले. संसदेने २०१७ साली मंजूर केलेला एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यान्वये माणसाला समजावून सांगून त्याची संमती घेतल्यावाचून चाचणी करता येत नाही. चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशन करावे लागते. निष्कर्ष गुप्त राखावा लागतो. आणि बाधेच्या कारणाने नोकरी, शिक्षण, उपचार किंवा घर नाकारता येत नाही. निरीक्षणगृहातील त्या स्त्रियांना जे विचारले गेले नव्हते, ते विचारणे आता बंधनकारक झाले. कायदा झाला म्हणून समाजाची नजर एका दिवसात बदलत नाही, हे खरे. पण ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या हाती आज काही साधन आहे.

तीन उत्तरे मिळाली, तरी शंका मात्र पुष्कळांच्या मनात १९८५ सालचीच राहिली आहे. ती गणिताने शांत करण्याचाही प्रयत्न होतो. एकाच संबंधातून लागण होण्याचा सरासरी संभव अल्प असतो, हे खरे. भारतातील प्रौढ लोकसंख्येत बाधितांचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, हेही खरे. परंतु सरासरी ही समूहाची असते, आणि शंका एका माणसाची असते. दहा हजारांतील तो एक आपणच नसू कशावरून, हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. लक्षणांनीही तो सुटत नाही. कारण ताप, घाम, थकवा हे शेकडो कारणांनी येतात आणि केवळ काळजीनेही येतात. तो सुटतो एकाच गोष्टीने, आणि ती म्हणजे चाचणी.

येथे इतिहासाने शंकेखोर माणसाला एक अनपेक्षित दिलासा देऊन ठेवला आहे. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. त्याला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्तातील प्रतिजन आणि प्रतिपिंडे ही दोन्ही शोधणाऱ्या चाचणीला जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला ९० दिवस लागतात. ज्याला कालपरवाच्या संबंधाची भीती आहे, त्याने ७२ तासांच्या आत वैद्याकडे गेल्यास लागण टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधे मिळतात. त्यानंतर मात्र त्याला चाचणीसाठी थांबावे लागते. ज्याची शंका वर्षांपूर्वीच्या संबंधाविषयी आहे, त्याला थांबण्याचे कारण उरलेले नाही. तो संबंध जितका जुना, तितके चाचणीचे उत्तर पक्के. जी गोष्ट काळाच्या आड गेल्यामुळे अज्ञेय वाटते, तीच रक्ताच्या काही थेंबांना सर्वांत स्पष्ट सांगता येते. उत्तर नकारार्थी आले, तर त्या जुन्या संबंधापुरता प्रश्न कायमचा मिटला. पुनःपुन्हा चाचण्या करीत राहण्याने त्यात काही भर पडत नाही. त्यानंतरही भीती उरलीच, तर तिचा उगम रक्तात नसून मनात आहे असे जाणून तिच्यासाठी निराळे साहाय्य घ्यावे. तेही तितक्याच सन्मानाचे आहे. उत्तर होकारार्थी येण्याचा संभव दिसला, तर एका चाचणीवर निर्णय होत नाही. तीन निरनिराळ्या चाचण्या जुळल्यावाचून आपल्या देशात कोणाला बाधित ठरविले जात नाही. आणि तसे ठरले, तर औषध त्याच सरकारी यंत्रणेत विनामूल्य सिद्ध आहे.

आज जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांतून समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत, आणि १०९७ या दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता विचारणा करता येते. केंद्राच्या दाराशी गेलेला मनुष्य तेथे एका साध्या खोलीत बसतो. समोरचा समुपदेशक त्याचे ऐकून घेतो, आणि थोडेसे रक्त घेतले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच विशेष दिसणार नाही. परंतु ते दार उघडे राहावे, आत जाणाऱ्याला न्यायनिवाडा न होता उत्तर मिळावे, आणि बाहेर पडताना त्याचे नाव त्याच्यापाशीच राहावे, यासाठी प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ झटले आहेत, न्यायालयांत दोन अक्षरांआड एक मजूर उभा राहिला आहे, आणि गोव्यातील एका तरुणाने ६४ दिवस एकांतवास सोसला आहे. त्या दारापर्यंत पोहोचण्यास आता फार धैर्य लागू नये, एवढ्यासाठीच हे सारे झाले.